भागू मागे फिरतो तेव्हा

भागूचं खरं नाव काय, हे त्याच्या बायकोला आणि दवाखान्यात केसपेपर काढणाऱ्या बाईंना तेवढं ठाऊक होतं. बाकीच्यांनी ते केव्हाच टाकून दिलं होतं. त्याच्या ताईचं लग्न झालं आणि तिचा नवरा पहिल्यांदा सासुरवाडीला राहायला आला, तेव्हा हा त्याला जेवणाच्या टेबलावर उभा दिसला. मोरीतून पाल निघाली होती. भावोजी पोट धरून हसले आणि म्हणाले, "अगदीच भित्री भागूबाई आहे की ही." तेव्हापासून तो भागूबाई झाला. पुढे मिशा पिकायला लागल्यावर लोकांनाच जरा ओशाळल्यासारखं झालं, म्हणून नुसता भागू.

घाबरण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कुत्री, शिड्या, न्हाव्याचा वस्तरा, बंद लिफ्ट, अनोळखी माणसाचा फोन, ओळखीच्या माणसाचा अवेळी फोन. झोपण्याआधी गॅसचं बटण तो स्वतः बघायचा, मग बायकोला बघायला लावायचा आणि तिनं नीट बघितलं का, हे बघायला पुन्हा उठायचा. "अहो, मलाच बांधून ठेवा त्या बटणाला," ती म्हणायची. त्यांची खोली भंगाराच्या गोदामावर होती, वर पत्रा. पत्रा पडलाच तर पळता यावं म्हणून खाट दाराला लावलेली. पाहुणा आला की आधी खाट ओलांडायची, मग आत यायचं.

लोकांना घाबरट माणूस म्हणजे करमणूक वाटते. ज्याच्या पोटात सदा गोळा असतो त्याला विचारा. भागूनं कधी नाटक केलं नाही. त्याला घाम यायचा तो खरा, तळहात गार पडायचे ते खरे, आणि बोबडी वळायची तेव्हा स्वतःच्या बायकोला हाकसुद्धा मारता यायची नाही. आणि शूर म्हणवणारी माणसं त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायची, अरे, त्यात घाबरण्यासारखं काय आहे? जणू घाबरण्यासारखं काय आणि काय नाही याची यादी कुठं लावून ठेवली आहे.

असा माणूस एखाद्या कचेरीत पंख्याखाली बसायला हवा होता. पण त्याच्या घरी धंदा होता भंगाराचा, आणि तोही साधा नव्हे. रस्त्याकडेचं लोखंड कोणीही उचलतं. यांच्याकडे यायचं ते दुसऱ्यांनी सोडून दिलेलं. आटलेल्या तळ्यात फसलेले पंप, नदीकाठच्या गाळात गेलेल्या होड्या, दलदलीत सडत पडलेली यंत्रं. तिथं ट्रक जात नाही, क्रेन गेली तर क्रेनही भंगारात जमा. मग हे लोक लव्हाळ्याच्या पेंढ्या कापून चिखलावर अंथरायचे, त्यावर फळ्या, फळ्यांवर रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर. पुढून वर वळवलेला एक जाड पत्रा असायचा, त्याला सगळे घसरण म्हणत. लोखंड जागेवर कापायचं, तुकडा घसरणीवर चढवायचा आणि काठावरच्या पक्क्या जमिनीत रोवलेल्या विंचनं तारेचा दोर गुंडाळत, फळ्यांच्या वाटेनं तो हळूहळू ओढून आणायचा. वडील गेल्यावर हे सगळं ताईनं अंगावर घेतलं. विंचवर ती स्वतः बसायची. गॅसनं कापायचं काम भावोजींचं. विंचच्या इंजिनाच्या आवाजात कान बधिर होत, म्हणून मुकादम उंचावर उभा राहून हातानं खूण करायचा, ओढ किंवा थांब.

आणि या सगळ्यांच्या पुढे असायचा भागू. हे कसं झालं, तेही सांगायला हवं.

फार पूर्वी, नदीकाठच्या एका कामावर सगळ्यांनी काठ्या टोचून, पाय आपटून जमीन पाहिली होती. भावोजी तर तिच्यावर उड्या मारून आले. "दगड आहे, दगड," म्हणाले. भागूच्या डोक्यावर तेव्हा दोराचं वेटोळं होतं आणि ते त्यानं पलीकडे न्यायचं होतं. तो काठापर्यंत आला, एक पाऊल टाकलं, ते मागे घेतलं आणि खाली बसला. दात वाजत होते. सगळे हसले. मग ट्रॅक्टर गेला आणि थोड्या वेळानं त्याच्या धुराच्या नळकांड्याचं टोक तेवढं वर राहिलं. चालक लव्हाळ्याला लोंबकळून बाहेर आला आणि आठवडाभर कुणाशी बोलला नाही. ताई त्या नळकांड्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली. मग म्हणाली, "यापुढं आधी भागू जाईल. तो गेला तर आपण जायचं."

बस्स. तोच कायदा झाला. वाट तयार झाली की भागू चपला काढायचा आणि अनवाणी निघायचा. एक पाऊल टाकायचं, थांबायचं. पावलाखालून थरथर लांब जाते आणि परत येते, ती येईपर्यंत थांबायचं. मग दुसरं पाऊल. त्याला चिखलाचं शास्त्र वगैरे काही कळत नव्हतं. त्याला भीती वाटायची, इतकंच, आणि ती कधी कमी असायची, कधी जास्त. कमी असली तर तो रडतकढत पलीकडच्या टोकाला पोचायचा, आणि मुकादम ओढायची खूण करायचा. जास्त झाली की तो मागे फिरायचा. भागू मागे फिरला की सगळं थांबायचं, मग व्यापारी कितीही का खोळंबेना. तो बोलायचा काय, हात काय हलवायचा, याकडे कुणी बघत नसे, कारण तोंडानं तो पहिल्या दिवसापासून नकोच म्हणत आला होता. बघायचं ते त्याच्या पायांकडे.

माणसं त्याच्या भीतीवर इतकी विसंबली, की ती त्याला वाटते हे विसरून गेली. सवय होईल म्हणायचे सगळे. झाली नाही. जायच्या दिवशी सकाळी त्याला घास उतरत नसे. बायको शिलाईयंत्रावर बसल्या बसल्या त्याच्याकडे न बघता म्हणायची, "सोडा ना हे. मी दोन कपडे जास्त शिवेन."

"मी सोडलं तर ताई दुसऱ्या कुणाला पुढं घालेल," तो म्हणायचा. "त्याला भीती वाटली नाही, तर?"

ती पायानं यंत्र चालवत राहायची.

त्या वर्षी त्यांना आटत चाललेल्या एका तळ्यातलं काम मिळालं. तळ्यातला गाळ काढायला आणलेलं यंत्र त्याच गाळात फसून गंजत पडलं होतं. घराएवढं. त्याच्या पोटातला बॉयलर भावोजींनी मधोमध कापला होता आणि एक अर्धा घसरणीवर चढवला होता. तो अर्धासुद्धा एवढा, की त्यात माणूस उभा राहील. वरून तळं छान दिसायचं, सुकलेलं, भेगाळलेलं, पोरांनी चेंडू खेळावा असं. त्या पापुद्र्याखाली काय होतं ते काठी आत घातली की कळायचं. काठी जायची आणि जातच राहायची. वाटेच्या मध्यावर जमीन जरा खोलगट होती आणि दोन्ही अंगांना लव्हाळी माजली होती. उभा माणूस तिथं काठावरून कमरेपर्यंत दिसायचा. बसला की दिसेनासा व्हायचा.

सकाळी दोर घसरणीला अडकवून झाला, इंजिन सुरू झालं आणि भागू निघाला. खळग्यापर्यंत गेला. तिथं त्यानं पाऊल टाकलं आणि थरथर गेली ती परत आलीच नाही. कुणी तरी ती आत ठेवून घेतल्यासारखी. तो तसाच, पाठ न वळवता, मागच्या मागे चार पावलं आला आणि मग वळून सरळ चालू लागला.

"झालं," मुकादम म्हणाला. "आजचा दिवस गेला."

ताईनं विंचच्या दांड्यावरचा हात काढला. इंजिन मात्र तिनं बंद केलं नाही. ते म्हातारं झालं होतं, बंद केलं की पुन्हा सुरू करताना नाकी नऊ यायचे. आणखी पेंढ्या टाकून दुपारी पुन्हा बघू, म्हणाली. इंजिन मंद गतीवर धडधडत राहिलं. भावोजी पलीकडे यंत्रापाशी होते, त्यांचं कापणं चालूच होतं. त्यांना हातानं खूण केली, आत्ता नाही. त्यांनीही हातानंच भागूच्या मर्दपणाबद्दल काहीतरी खूण केली आणि तोंडावरची काच खाली ओढली.

भागू नेहमीसारखा सगळ्यांपासून लांब, लव्हाळ्याच्या कडेला जाऊन बसला. ताणलेला दोर तुटला तर माणूस कापतो, हे त्यानं ऐकलं होतं, म्हणून दोर ढिला असतानाही तो विंचजवळ बसत नसे. यामुळेच ती हाक फक्त त्याला ऐकू आली.

हाक कसली, कुणी घसा खाकरावा तसा आवाज. मग, "ए... ए, कुणी आहे का?" पुढे शिवी. आवाज भावोजींचा होता आणि तो यंत्राकडून येत नव्हता. खळग्यातून येत होता.

काय झालं असेल हे भागूला सगळं एकदम दिसलं. जेवायची वेळ झाली होती. भावोजी लांबचा वळसा घालून काठाकाठानं यायचे, तसे आज आले नव्हते. वाटेवरून सरळ चालत येऊन सगळ्यांना दाखवायचं होतं, बघा, तुमचा भागू कशाला भितो. शंभर किलोंचा तो माणूस, पायात लोखंडी टोकाचे बूट.

इथं भागूनं जे केलं ते त्यानं जन्मात कधी केलं नव्हतं. तो पळाला, पुढच्या दिशेनं. कुणाला न सांगता, पायाखाली न बघता, चपला न काढता. ओरडून ताईला सांगावं, मुकादमाला खूण करावी, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. डोक्यात एवढंच होतं, की तिथं एक माणूस एकटा आहे. धाडसाची सवय नसलेल्या माणसाचं असं होतं. ते त्याला नीट करता येत नाही.

खळग्यात एक स्लीपर कलंडला होता आणि त्याच्या पलीकडे भावोजी काखेपर्यंत चिखलात होते. एक कोपर फळीवर, दुसऱ्या हातात तो ढिला पडलेला तारेचा दोर. चेहरा राखेच्या रंगाचा. आणि हसत होते.

"कुणाला बोलू नकोस," भावोजी म्हणाले. "दे हात, निघतोच."

भागू पालथा पडला आणि त्यांनी त्याचं मनगट पकडलं. ओढलं. भावोजी केसभरही हलले नाहीत, भागूच पुढे सरकला. खालून चिखलानं पचकन आवाज केला, जशी काही त्यानं पकड नीट करून घेतली.

"पायाला तळ लागत नाही रे," भावोजी म्हणाले. आता ते हसत नव्हते.

आणि तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला.

काठावर असं झालं होतं. मुकादमानं मान वर केली, तर भागू वाटेवरून चक्क पळत पुढं जाताना दिसला. भागू, जो पावलागणिक थांबतो, तो पळतोय. खळग्यात गेला, दिसेनासा झाला, परत फिरला नाही. म्हणजे पोचला. म्हणजे वाट दगडासारखी आहे. इतकी वर्षं जिनं दगा दिला नाही त्या खुणेवर मुकादमानं का विश्वास ठेवू नये? त्यानं दोन्ही हात वर करून ताईला खूण केली, ओढ. आणि ताईनं दांडा पुढे ढकलला.

भावोजींच्या हातातला दोर जागा झाला. आधी तो फळ्यांवरून सरपटला, मग उचलला, मग ताणून सरळ झाला आणि त्यातून बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली. भावोजींनी तो सोडला तेव्हा तळहाताची कातडी त्याला चिकटून गेली. आता त्यांचे दोन्ही हात भागूच्या मनगटावर होते. वाटेच्या त्या टोकाला अर्धा बॉयलर हलला, कण्हला आणि त्यांच्याकडे निघाला.

तो काही धावत येत नव्हता. बैलगाडीपेक्षाही सावकाश. पण प्रत्येक स्लीपरवर चढला की तो स्लीपर खाली जायचा आणि तेवढाच चिखल पुढे ढकलला जायचा. भावोजींच्या छातीवरचा चिखल गळ्याशी आला. भागूच्या पोटाखालच्या फळ्या हलायला लागल्या. समोरून ते गंजलेलं तोंड मोठं होत होतं आणि त्याच्या आतला अंधार दिसत होता. घसरण वाटेवरूनच येणार होती, आणि वाटेवर फळीला धरून भावोजींचे खांदे होते, डोकं होतं.

"थांबव," भावोजी म्हणाले. "अरे, तिला थांबव."

भागू गुडघ्यांवर उठला, एका हातानं जिवाच्या आकांतानं हवेत फडफड केली. ओरडायला तोंड उघडलं, त्यातून आवाज निघाला नाही. मुकादमाला लव्हाळ्याच्या शेंड्यांवर एक हात नाचताना दिसला. तो नंतर ज्याला त्याला सांगायचा, "मला वाटलं, आज गडी खुशीत आहे." भागूच्या हाताकडे कोण बघतो?

घसरण जवळ आली. चिखल भावोजींच्या हनुवटीला लागला. त्यांनी मान मागे टाकली आणि लहान मुलासारखं म्हणाले, "सोडू नकोस रे. भागू, मला सोडून जाऊ नकोस."

भागूनं त्यांच्याकडे पाहिलं, बॉयलरकडे पाहिलं आणि मनगट ओढलं. ते सुटेना. त्यानं दुसऱ्या हातानं भावोजींची बोटं उघडायला सुरुवात केली, एकेक करून. बोटं रक्तानं आणि चिखलानं निसरडी होती आणि तरी ती पुन्हा पुन्हा मिटत होती. ज्यांनी त्याला कडेवर घेऊन नव्हे, पण खांद्यावर हात टाकून जत्रा दाखवल्या, वडिलांच्या मागे ज्यांनी घर सावरलं, त्या माणसाची बोटं तो उघडत होता. शेवटी त्यानं मनगटाला हिसका दिला, हात सुटला, आणि तो उठून पळाला. काठाच्या दिशेनं.

मागून भावोजींनी हाक मारली नाही. ती त्याला पुढे कैक दिवस ऐकू येत राहिली, ती न मारलेली हाक.

तो कसा पळाला हे मुकादमानं पाहिलं आणि ताईनंही पाहिलं. चपला गेलेल्या, तोंड वासलेलं, डोळे बाहेर आलेले, हात कुठेही, पाय कुठेही. मुकादम खाली येऊन ताईच्या कानाशी ओरडला, "तहान लागली असेल, ओढत राहा, ताई, मध्येच थांबवलं तर रुतेल." आणि ते खरंच होतं, अर्ध्या वाटेत थांबवलेला तुकडा पुन्हा हलत नाही, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. ताईनं मुकादमाकडे बघितलंसुद्धा नाही. तिनं दांडा मागे घेतला, मग पुढे होऊन इंजिनच बंद केलं. काम चालू असताना ते बंद केलेलं कुणीच कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे जी शांतता पडली तिनं सगळे दचकले. त्या शांततेत खळग्यातून माणसाच्या खोकण्याचा आवाज आला.

"हे कुठं आहेत?" ताई म्हणाली. मग तिनं भागूचं चिखलानं माखलेलं मनगट बघितलं, त्यावरचे बोटांचे ठसे बघितले आणि ती वाटेवर धावली.

घसरण भावोजींच्या कपाळापासून हातभर अंतरावर थांबली होती. ताई फळ्यांवर आडवी पडली आणि तिनं नवऱ्याची हनुवटी दोन्ही हातांनी वर धरून ठेवली. लोकांनी आणखी फळ्या टाकल्या, पंप आणला, पाण्याचा पाइप भावोजींच्या अंगालगत आत घालून पायाभोवतीचा चिखल पातळ केला, काखेतून पट्टा घातला आणि उन्हं कलेपर्यंत इंचाइंचानं त्यांना वर घेतलं. बूट आत राहिले. या सगळ्यात भागू नव्हता. तो काठावर जुन्या टायरांच्या ढिगाशी बसला होता. कुणीतरी त्याच्या अंगावर गोणपाट टाकलं.

मुकादम बिचारा स्वतः केलेल्या चुकीनं हबकला होता. त्यातून सुटायला त्यानं एकच गोष्ट धरली आणि ती गावभर केली. "काय डोकं चाललं भागूचं! हात हलवून उपयोग नाही, ओरडून उपयोग नाही. मग पठ्ठ्या काय करतो? मागे फिरतो! त्याला माहीत, तो मागे फिरला की आपण थांबतो." दुकानात, दवाखान्यात, बसथांब्यावर लोक भागूला थांबवून हात मिळवू लागले. कुणी त्याला खरं नाव विचारलं. बायकोनं त्याला दोन दिवस ऐकवलं, की मी आधीपासून सांगत होते, तुम्ही वाटता तसे नाही. भागू मान खाली घालून ऐकायचा. पूर्वी रात्री तो गॅसच्या बटणासाठी उठायचा. आता उठायचा आणि आपलं मनगट बघत बसायचा.

भावोजी घरी पडून होते. एक पाय सुजून खांबासारखा झाला होता, तळहाताला पट्ट्या. सगळे भेटून आले, भागू गेला नाही. कुत्र्याची, शिडीची, वस्तऱ्याची, सगळ्या जन्माची भीती एकीकडे आणि त्या खोलीचं दार एकीकडे. शेवटी ताईनंच निरोप धाडला, "ये. बोलावलंय."

खोली लहान होती. खिडकीशी खाट, कोपऱ्यात गॅसकटरची काच आणि हातमोजे धुऊन ठेवलेले. ताई ओट्यापाशी पाठ करून काहीतरी निवडत होती. भावोजी उशीला टेकून बसले होते. बारीक झाले होते. त्यांनी खुर्चीकडे बोट दाखवलं. भागू कडेला टेकला.



"मुकादम काय सांगतो ते ऐकलं मी," भावोजी म्हणाले.

"हो."

"मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. ते तुझ्या डोक्यात होतं? की तू मागे फिरलास की ही थांबेल?"

भागूला हो म्हणायचं होतं. सगळं गाव हो म्हणत होतं, त्यानं नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. ओट्यापाशी निवडण्याचा आवाज थांबला होता. त्याला वाटलं, हो म्हणावं आणि मोकळं व्हावं. मग त्याला वाटलं, हो म्हटलं तर पुढच्या खेपेला, पुढच्या वाटेवर, माझे पाय खरं सांगतायत की खोटं, हे यांना कसं कळेल? आणि मला तरी?

"नव्हतं," तो म्हणाला. "डोक्यात काही नव्हतं, भावोजी. मला मरायचं नव्हतं. मी तुम्हाला सोडून पळालो. इंजिन बंद झालं तेव्हा कळलं, की अरे, असं झालं."

भावोजींनी डोळे मिटले. भागूला वाटलं, आता ते कधीच आपल्याशी बोलणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

ताई वळली. निवडलेले दाणे तिच्या मुठीत तसेच होते. "मला ते तेव्हाच कळलं," ती म्हणाली. "तू नुसता परत येताना दिसला असतास, तर मी मुकादमाचं ऐकलं असतं. म्हटलं असतं, पाणी प्यायला येतोय. तुझं तोंड बघितलं आणि माझा हात आपोआप मागे आला." तिनं मुठीतले दाणे ताटात टाकले. "कुणाला तरी सोडून आलेल्या माणसाचं तोंड होतं ते. मला दोन्ही गोष्टी माहीत आहेत, भागू. हे जिवंत आहेत ते तुझ्यामुळं, आणि तू यांना सोडलंस. त्यातली एक विसर म्हणून मला सांगू नकोस."

"नाही सांगणार," भागू म्हणाला.

ती पुन्हा ओट्याकडे वळली. भावोजी खिडकीबाहेर बघत होते. खाली रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, तिचं चाक कुरकुरत होतं.

"पुन्हा तसं झालं, तर?" भावोजींनी विचारलं.

भागूनं विचार केला. खरंच केला.

"पुन्हाही पळेन," तो म्हणाला.

भावोजींनी पट्टी बांधलेला हात उशीवरून उचलला, त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि परत ठेवला.

"मग त्या वेळी," ते म्हणाले, "माझी बोटं सोडवायला एवढा उशीर करू नकोस."

भागूला रडू आलं. ताईनं त्याच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि गरम आहे, जपून घे, असं सांगितलं.